सामना छापता, मग सराव का नाही?

मराठी दैनिकांच्या क्रीडा संपादकांना खुलं पत्र



जुलै लागला की इंग्लंडातले फुटबॉल क्लब सुट्टीवरून परततात, आणि त्यांच्या सरावाची खबर आमच्या रोडपालीत तुमच्या पानाच्या आधी येऊन पोचते. वडापावच्या गाडीपाशी उभी असलेली कॉलेजची पोरं मोबाइल पुढे करून एकमेकांना सांगत असतात: आर्सेनलचा अमका मांडीला पट्टी बांधून वेगळाच पळतोय, मँचेस्टर युनायटेडनं तमक्याला आज मधल्या फळीत उभं करून बघितलं. त्याच पोरांना विचारावं, मुंबई सिटीचा सराव सुरू झाला का रे? लेफ्ट बॅक कोण आहे यंदा? की ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मुंबई सिटी म्हणजे इंडियन सुपर लीगमधला आपल्या राज्याचा एकुलता एक संघ. दोनदा करंडक जिंकलेला, तीनदा साखळीत अव्वल आलेला. आणि त्याच्या तयारीबद्दल पनवेल तालुक्यातल्या फुटबॉलवेड्या पोराला काडीची माहिती नाही.

दोष पोरांचा नाही. माहिती कुणी दिलीच नाही तर ती त्यांना मिळणार कुठून? म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात हिशेबाचं काम करतो. सकाळी पेपर शेवटच्या पानाकडून उघडणाऱ्यांपैकी एक आहे. तुमच्या पानावर फुटबॉलला जागा कमी मिळते, हे रडगाणं मी गाणार नाही. क्रिकेटच्या देशात ते गाऊन झालं आहे. माझी मागणी छोटी आहे. जी काही जागा फुटबॉलला देता, त्यातली थोडी मोसम सुरू होण्याआधीच्या सरावाला द्या. सामन्याचा निकाल आम्हाला रात्रीच कळलेला असतो. सकाळच्या पेपरात तो पुन्हा वाचून हाती काही लागत नाही. सरावाचं मात्र आम्हाला काहीच दिसत नाही, आणि तिथेच संघ घडत असतो.

‘सराव कोण वाचणार?’ असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. वाचतात, आणि तुम्हीच वाचायला लावलंय. गुरुपौर्णिमेला गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. त्या दिवसापासून दहीहंडीपर्यंत तुमच्या पानांवर कुठल्या पथकानं किती थर लावले, सेफ्टी बेल्ट आले का, चिमुकला गोविंदा कितव्या वर्षी वर चढला, याच्या बातम्या असतात. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाचा सराव बघायला लोक रात्री उशिरापर्यंत उभे राहतात आणि तुमचा छायाचित्रकारही तिथे असतो. पुण्यात ढोल-ताशा पथकांचंही तसंच. म्हणजे सण एका दिवसाचा आणि तयारी महिन्याहून जास्त दिवसांची, हे मराठी वाचकाला उत्तम कळतं. हाच न्याय फुटबॉलला लावा, एवढंच.

आता सरावाची बातमी वाचून चाहत्याला मिळतं काय, ते उदाहरणानंच सांगतो.

११ एप्रिल २०२२. रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना, मुंबई सिटी विरुद्ध इराकचा वायुदलाचा क्लब अल-कुव्वा अल-जविया. तीनच दिवसांपूर्वी मुंबईला सौदीच्या अल-शबाबनं ३-० असं धुतलं होतं. या सामन्यातही मुंबई एका गोलनं मागे पडली. मग दिएगो मॉरिसिओनं पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पाचच मिनिटांनी अहमद जाहूच्या कॉर्नरवर राहुल भेकेनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. २-१. आशियातल्या या सर्वोच्च क्लब स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. गोल करणारा मुंबईचाच मराठी मुलगा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मथळे झकास होते. पण त्या मथळ्यांखाली मला जे वाचायचं होतं ते नव्हतं. संघ त्याआधी अबुधाबीत तळ ठोकून तयारी करत होता. त्या शिबिरात कॉर्नर कसे घोटवून घेतले? बचावपटू भेके जवळच्या खांबाकडे धावायचा की लांबच्या? त्याला मोकळं करण्यासाठी कोण प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभं राहायचं? जाहूचा उजवा पाय आणि भेकेचं डोकं यांची गाठ त्या एका सेकंदात पडली, पण ती बांधली गेली होती सरावाच्या मैदानावर. ज्यानं ती तयारी पाहिली किंवा वाचली असेल, त्याला तो गोल नशिबाचा वाटणार नाही. कॉर्नर मिळाल्याबरोबर तो खुर्चीत पुढे सरकून बसेल.

चाहत्याला आधीच कुठे बघायचं हे माहीत असणं, हा सरावाच्या बातमीचा पहिला फायदा. फुटबॉल बघताना आपण बहुतेक जण चेंडूच्या मागे डोळे पळवतो. खेळ मात्र चेंडू नसलेल्या ठिकाणी चाललेला असतो.

हे बघायला परदेशी जायची गरज नाही. आमच्याकडे एक मोकळा भूखंड आहे. पावसाळ्यात अर्धा पाण्याखाली, उरलेल्या अर्ध्यावर एक प्रशिक्षक संध्याकाळी पोरापोरींना खेळवतो. शेजारून तळोज्याकडे जाणारे ट्रेलर चिखल उडवत जातात. पाच जणांचं कडं आणि मध्ये दोघं; कड्यातल्यांनी एका स्पर्शात चेंडू फिरवायचा, मधल्यांनी तो हिसकावायचा. रोंडो म्हणतात त्याला, बार्सिलोनापासून कळंबोलीपर्यंत सगळीकडे चालतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, पोरं मजा करतायत. थोडा वेळ उभं राहिलं की कळतं, एक मुलगी चेंडू तिच्याकडे येण्याआधीच मान वळवून मागे बघून घेते. चेंडू पायाशी आला तेव्हा पुढचा पास तिच्या डोक्यात तयार असतो. दुसरा मुलगा अंगानं तगडा, जोरकस. पण चेंडू आल्यावर मग इकडेतिकडे बघतो आणि दर वेळी हिसकावून घेतला जातो. प्रशिक्षक शिट्टी मारत नाही, ओरडतही नाही. फक्त त्या मुलाला मध्ये पाठवतो, म्हणजे त्याला बाहेरच्यांचं बघता येईल. मी या दोघांचा एकही सामना पाहिलेला नाही. तरी दोघांपैकी कोण पुढे जाईल याबद्दल माझं मत पक्कं आहे. अर्थात पोरं वाढतात, बदलतात, माझं मतही बदलेल. ते बदलताना बघण्यातच तर गंमत आहे.

दुसरा फायदा धीराचा. २०२०च्या ऑक्टोबरात सर्जिओ लोबेरा मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले. गोव्याहून येताना त्यांनी जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बूमूस आणि मंदार राव देसाई हे आपले खेळाडूही सोबत आणले. करोनामुळे अख्खा मोसम गोव्यातच, प्रेक्षकांविना. पहिलाच सामना २१ नोव्हेंबरला वास्कोच्या टिळक मैदानावर, नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध. जाहूला मध्यंतराआधीच लाल कार्ड, आणि मुंबई ०-१ हरली. ‘एवढा पैसा ओतला आणि हे?’ असा सूर लगेच निघाला. ज्यांना लोबेरांची पद्धत ठाऊक होती ते शांत होते. हा माणूस गोलरक्षकापासून पास खेळत वर यायला शिकवतो आणि ते अंगी मुरायला वेळ लागतो, हे त्यांना माहीत होतं. मंदारचंच बघा. गोव्याचा हा मुलगा मूळचा विंगर, डाव्या कडेनं पळणारा. लोबेरांनी त्याला गोव्याच्या संघात असतानाच मागे खेचून लेफ्ट बॅक केलं. अशी बदली एका सामन्यात होत नाही. रोजच्या सरावात, कितीदा चुकून, कितीदा जागा सोडून, मग जमते. त्या मोसमात मुंबई साखळीतही पहिली आली आणि १३ मार्च २०२१च्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २-१ हरवून करंडकही घेऊन गेली. साखळीतल्या अव्वल स्थानाची शील्ड आणि करंडक एकाच मोसमात, हे त्याआधी कुणाला जमलं नव्हतं. नोव्हेंबरातल्या त्या पराभवानंतर संघाला शिव्या घालणाऱ्यांना तयारीची बातमी कुणी दिली असती, तर त्यांनी चार महिन्यांचा मनस्ताप वाचवला असता.

आता जे सांगणार आहे ते मला जास्त लागून राहिलेलं आहे.

जानेवारी २०२२मध्ये महिलांचा आशियाई चषक आपल्याकडे झाला. मुंबई, पुणे आणि नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. रोडपालीहून शीव-पनवेल महामार्गानं गेलं तर ते स्टेडियम आमच्या दारातच म्हणायचं. २० जानेवारीला भारताच्या मुली तिथे इराणशी खेळल्या, ०-० बरोबरी झाली. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध सामना होता. तो झालाच नाही. संघात करोनाची लागण इतकी पसरली की खेळायला पुरेशा मुली उरल्या नाहीत. नियमाप्रमाणे भारतानं माघार घेतली असं धरलं गेलं आणि यजमान संघ स्वतःच्याच घरातल्या स्पर्धेतून बाद झाला. तुमच्या पानांवर बातमी आली: करोनामुळे भारत बाहेर. हळहळ व्यक्त झाली. दोन दिवसांत विषय संपला.

पण हरवलं काय, हे त्या बातमीतून कळलंच नाही. कारण त्याआधीचे महिने कुणी सांगितले नव्हते. स्वीडनचे थॉमस डेनर्बी प्रशिक्षक. ऑगस्ट २०२१पासून जमशेदपूरला शिबिर. मग संयुक्त अरब अमिरात आणि बहरीनचा दौरा, मग स्वीडन, मग ब्राझील. २५ नोव्हेंबरला मानाउसमध्ये ब्राझीलकडून १-६ हार. पण त्या एका गोलसाठी पंजाबची मनीषा कल्याण धावत सुटली आणि ब्राझीलच्या गोलरक्षकाला तिनं हरवलं, ते बघणारे विसरणार नाहीत. आणि ऑक्टोबरमध्ये बहरीनमध्ये याच मुलींनी कुणाला १-० हरवलं होतं? चायनीज तैपेईला. म्हणजे २३ जानेवारीचा जो सामना झाला नाही, तो जिंकता येण्याजोगा होता. जिंकला असता तर उपांत्यपूर्व फेरीची दारं किलकिली झाली असती, आणि तिथून पुढे विश्वचषकाची वाट.

इराणविरुद्ध त्या सामन्यात आपल्या मुलींनी संधी घालवल्या, त्याबद्दल टीका झाली. व्हावी, टीकेला माझी ना नाही. पण त्या महिन्यांच्या तयारीतून हा संघ कुठून कुठे आला होता हे माहीत असतं, तर ती टीकाही अधिक नेमकी झाली असती. आणि त्या माघारीचं दुःखही नेमकं झालं असतं. आपल्याला नुसतं वाईट वाटलं. नक्की कशाबद्दल वाईट वाटायला हवं, हे सांगायचं काम तुमचं होतं. त्या संघाच्या वाट्याला घरच्या मैदानावर एकच पूर्ण सामना आला. उरली ती तयारीच, आणि तिची नोंद मराठीत जवळजवळ नाही. (६ फेब्रुवारीला त्याच डी. वाय. पाटीलवर चीननं दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ अंतिम सामना जिंकला. नवी मुंबईत झालेल्या फुटबॉलच्या सामन्यांत याहून थरारक मला आठवत नाही. तोही आपण आतल्या कोपऱ्यात छापला.)

२०२५चा जुलै तर तुम्हाला आठवत असेलच. लीग चालवणारी कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार डिसेंबरात संपणार होता आणि पुढचा ठरत नव्हता. कंपनीनं मोसमच थांबवून ठेवला. काही क्लबांनी पहिल्या संघाचं कामकाज बंद केलं, पगार रोखल्याच्या बातम्या आल्या, न्यायालयात तारखा पडू लागल्या. तुम्ही त्या सगळ्या कागदी लढाईच्या बातम्या दिल्या, चांगल्या दिल्या. पण एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही: खेळाडू सध्या करतायत काय? व्यावसायिक फुटबॉलपटूचं अंग म्हणजे बंद ठेवून पुन्हा सुरू करायचं यंत्र नव्हे. सरावाशिवाय काही आठवडे गेले की दम कमी होतो, आणि मग घाईनं ताण दिला की स्नायू फाटतात. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रांड २००१पासून युरोपातल्या बड्या क्लबांतल्या दुखापतींची नोंद ठेवत आले आहेत. त्यांच्या पाहणीत दिसलं की मोसमाआधी ज्या संघांची सरावसत्रं जास्त झाली, त्यांच्याकडे मोसमात दुखापती कमी राहिल्या आणि जास्त खेळाडू उपलब्ध राहिले. म्हणजे जुलै-ऑगस्टातला गेलेला सराव पुढे दवाखान्यात वसूल होतो. अखेर लीगची गाडी १४ फेब्रुवारी २०२६ला रुळावर आली. त्या सात महिन्यांत मुंबई सिटीच्या छांगटेसारखा पळणारा खेळाडू पाय कसे ताजे ठेवत होता, मिझोरामला गेला होता की मुंबईत होता, एकटा पळत होता की गटानं, हे वाचायला मी पैसे मोजले असते. न्यायालयाच्या तारखांपेक्षा ही बातमी छोटी होती असं मला वाटत नाही.

आता सरावाच्या बातमीचे धोके. ते मला ठाऊक नाहीत असं समजू नका.

मोसमाआधीच्या बातम्यांत थापा फार असतात. प्रत्येक खेळाडू ‘आयुष्यातल्या सर्वोत्तम फॉर्मात’ असतो. प्रत्येक नवा प्रशिक्षक ‘आक्रमक खेळणार’ असतो. क्लबचा समाजमाध्यमांवरचा विभाग हसरे चेहरे, संथ गतीतले गोल आणि मागे ढणढण संगीत लावून व्हिडिओ टाकतो. ते जसंच्या तसं छापायचं असेल तर नकोच. मैत्रीपूर्ण सामन्यांचे निकाल तर हमखास दगा देतात. २०१४च्या उन्हाळ्यात लुई व्हान गालच्या मँचेस्टर युनायटेडनं अमेरिकेत रिअल माद्रिदला आणि लिव्हरपूलला ३-१, ३-१ असं हरवलं. साऱ्या जगात गाजावाजा झाला. १६ ऑगस्टला प्रत्यक्ष लीग सुरू झाली आणि स्वान्सी त्यांना त्यांच्याच मैदानावर २-१ हरवून गेलं. पण त्यांच्या सरावाकडे नीट बघणाऱ्यांनी वेगळीच गोष्ट टिपली होती: व्हान गाल तीन मध्य बचावपटू मागे ठेवून नवी रचना घोटवतोय, आणि त्या जागांसाठी लागणारी माणसं त्याच्याकडे पुरेशी नाहीत. निकाल बघणारा फसला, रचना बघणारा फसला नाही.

दुसरा धोका गुपितांचा. क्लब म्हणतील, सराव उघडा केला तर प्रतिस्पर्धी डाव चोरतील. खोटं नाही ते. जानेवारी २०१९मध्ये मार्सेलो बिएल्साच्या लीड्स युनायटेडचा माणूस डर्बी काउंटीच्या सराव मैदानाबाहेर टेहळणी करताना सापडला. बिएल्सानं स्वतः कबुली दिली, वर पत्रकारांना बोलावून सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास पडद्यावर दाखवला. लीड्सला दोन लाख पौंड दंड झाला. तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशीचं सत्र बंद ठेवा, कॉर्नरचे डाव झाकून ठेवा, कुणाची हरकत नाही. पण मोसमाआधीच्या पाच-सहा आठवड्यांत एक-दोन सत्रं लोकांसाठी उघडी ठेवली तर आभाळ कोसळत नाही. जर्मनीतल्या क्लबांकडे ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या हातानं खेळायच्या फुटबॉलमध्ये तर ग्रीन बे गावाची एक गंमत आहे: शिबिराच्या दिवसांत पॅकर्स संघाचे दांडगे खेळाडू सराव मैदानाकडे जाताना गावातल्या लहान मुलांच्या सायकली घेऊन चालवत जातात आणि मूल शेजारून हेल्मेट धरून पळतं. साठेक वर्षं हे चाललंय. आपल्याकडे खारघरला सिडकोनं फुटबॉलचं उत्कृष्टता केंद्र उभारलंय, रोडपालीच्या मुलाला ते सायकलवर गाठता येईल एवढ्या अंतरावर. मुंबई सिटीनं पावसाळ्यानंतर एक संध्याकाळ तिथे उघडा सराव ठेवावा, असं त्यांना कुणीतरी विचारायला हवं. माझ्यासारख्यानं विचारलं तर पत्राची पोचही मिळणार नाही. तुम्ही विचारलंत तर निदान उत्तर द्यावं लागेल.

आणि हे मराठी पत्रकारितेला जमत नाही असंही नाही. तुमच्याच कोल्हापूरच्या आवृत्त्या उघडून बघा. तिथे मोसमाआधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे (केएसए) खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, फुलेवाडी, प्रॅक्टिस क्लब या संघांतून कोण कुठे गेला, कोण परत आला, परगावचा कोण आला, याच्या बातम्या येतात आणि पेठापेठांत त्यावर वाद झडतात. शाहू स्टेडियमवर पहिला सामना होतो तेव्हा गॅलरीतल्या म्हाताऱ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना संघ पाठ असतो. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो या असल्या मातीतून. कोल्हापूरला जे छापलं जातं ते मुंबई आवृत्तीत का छापता येत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगा. तिकडे वाचक वेगळे आहेत असं म्हणू नका. वाचक तुम्ही घडवलेत.

सरावातलं काय टिपावं, याचा विचार करताना मला नेहमी भारतीय संघाचे जुने प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम आठवतात. ‘मैदान’ चित्रपटामुळे आता त्यांचं नाव घराघरांत माहीत आहे, पण चित्रपटात सामने जास्त आणि सराव कमी, तिथेही तेच. रहीमसाहेब हैदराबादेत फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धा भरवत. चेंडू घेऊन पळायला बंदी, नुसते पास द्यायचे, अशाही स्पर्धा भरवत. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. आणि रहीमसाहेबांनी त्याला बाहेर न बसवता थेट आघाडीला उभं केलं. जर्नेल कॉलेजात असताना पुढे खेळायचा, हे त्यांना माहीत होतं. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध भारताचे दोन गोल झाले. एक पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा. २-१, सुवर्णपदक. हा निर्णय सामन्याच्या दिवशी सुचलेला नव्हता. खेळाडू सगळ्या बाजूंनी ठाऊक असलेल्या माणसाचा तो निर्णय होता. त्या काळी शिबिराच्या कडेला एखादा चौकस बातमीदार वहीपेन्सिल घेऊन बसला असता, तर आज आपल्याकडे केवढा ठेवा असता!

तेव्हा प्रत्यक्षात काय करावं, ते सुचवतो. आगाऊपणा वाटला तर सोडून द्या.

मुंबई सिटी सरावाला जमेल त्या आठवड्यात एक बातमीदार पाठवा. ज्येष्ठ नको, नवा पोरगा किंवा पोरगी चालेल. फक्त फुटबॉल खेळलेली असावी. तिला सांगा, प्रशिक्षकाची प्रतिक्रिया घेऊ नकोस, ती सगळ्यांना मिळते. कडेला उभी राहून बघ. गोलरक्षक चेंडू लांब मारतोय की जवळच्याला देतोय? उजवा बॅक वर चढला की त्याची जागा कोण झाकतंय? कोण वेगळा पळतोय, एकटा, डॉक्टरांबरोबर? राखीव संघातला कुठला मुलगा मोठ्यांच्या गटात खेळवला जातोय? त्यातला कुणी महाराष्ट्राचा आहे का, कुठल्या गावचा, आधी कुठे खेळला? बायकांचा संघ असो की मुंबईच्या स्थानिक लीगमधला एखादा कार्यालयाचा संघ, प्रश्न हेच चालतील. पाणी प्यायला थांबतात तेव्हा कोण कोणाशी बोलतंय, हेही तिनं बघावं. संघात काय चाललंय ते पाण्याच्या बाटल्यांपाशी लवकर कळतं.

क्लबनं दार उघडलं नाही, तर तेही छापा. ‘सराव बघू देण्यास नकार’ हीसुद्धा बातमीच आहे, आणि दोनदा छापून आली की तिसऱ्यांदा दार उघडतं, असा माझा सरकारी कचेऱ्यांतला अनुभव आहे.

आणि कृपा करून ‘घाम गाळला’ हे शब्द त्या बातमीत नकोत. घाम सगळेच गाळतात. आमच्या लोखंड बाजारात हमाल दुपारी बारापर्यंत जेवढा गाळतात तेवढा कुठलाही विंगर मोसमभरात गाळत नसेल. त्या घामातून काय तयार होतंय, ते सांगा. दोनशे शब्द पुरेत. आठवड्यातून एकदा पुरे. छायाचित्र टाकायचं असेल तर रांगेत उभ्या हसऱ्या संघाचं नको, रोंडोचं टाका, ज्यात मधला खेळाडू चेंडूमागे लागलाय आणि कड्यातला एक जण त्याच्या पलीकडे बघतोय. खाली सगळ्यांची नावं द्या, पूर्ण नावं, गावांसकट.

पहिली बातमी आली की वडापावच्या गाडीवर मी स्वतः पेपर घेऊन जाईन. त्या दिवशीचा अंक मात्र चार प्रती जास्त पाठवायला सांगा एजंटला. आमच्या भागात सकाळी आठनंतर पेपर मिळत नाही.

आपला,
रोडपालीचा एक वाचक
(कळंबोली, ता. पनवेल, जि. रायगड)